साचेखात्यातला साक्षीदार

मागाला घाई नसते आणि उसंतही नसते. ताण्याचे धागे वर-खाली होतात, मधल्या फटीतून धोटा सुटतो, फणीचा ठोका बसतो आणि कापड एका सुताने पुढे सरकतं. साधा यंत्रमाग हे एवढंच करतो, पण मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा, आणि अशा शंभर मागांच्या शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. लँकेशायरच्या विणकर बायकांनी ओठ वाचण्याची कलाच कमावली होती. तोंडाने आवाज न काढता त्या शेडच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत घरची सगळी हकिगत सांगत. आपल्याकडे हातवारे चालतात. वीस-पंचवीस वर्षं मागाजवळ उभा राहिलेला माणूस घरी आल्यावरही मोठ्याने बोलतो, कारण त्याच्या कानांनी केव्हाच माघार घेतलेली असते.

दिसायला माग काही देखणा नाही. ओतीव लोखंडाच्या दोन बाजू, मध्ये सुताचं बीम, पुढे कापडाचा रूळ, वंगणाचे काळे ओघळ आणि सगळ्यावर कापसाची बारीक पांढरी धूळ. हवा कोरडी झाली की तो चिडतो, कारण कोरडं सूत तुटतं. म्हणून शेडमध्ये दमटपणा राखला जातो, खिडक्या बंद राहतात आणि माणसं घामाने निथळतात. सुताची आणि माणसाची गरज इथे उलटी पडते. अशा वेळी बहुतेक ठिकाणी सुताचंच ऐकलं गेलं आहे.

त्याचा खरा स्वभाव मात्र कापडावर दिसतो. तार तुटली आणि लक्ष गेलं नाही, तर ताग्यावर उभी रेघ राहते. धोट्यातली सुताची कांडी संपल्यावर माग दोन ठोके जास्त चालला, तर आडवी फट पडते. माग दुरुस्त ठेवणाऱ्या जॉबरने तेल जास्त सोडलं, तर डाग उमटतो. सूत ओलं राहून कुजलं, बीम वेळेवर आलं नाही, रात्रपाळीच्या कामगाराला झोप अनावर झाली, मालकाने स्वस्तातलं सूत उचललं, यातली एकही गोष्ट माग पोटात ठेवत नाही. कारखान्यात कोणाचं कोणाशी कसं चाललं आहे, हे जाणत्या डोळ्याला दोन मीटर कापडावरून कळतं.

या स्वभावामुळेच व्यवस्थापनाचा अभ्यास करणारे पुन्हा पुन्हा मागाकडे आले. कचेरीतल्या माणसाने दिवसभरात किती काम केलं, हे मोजणं अवघड असतं. मागाचं काम मात्र पिकावर मोजता येतं. एका इंचात आडवे धागे किती, हा हिशेब इतका पक्का आहे की इचलकरंजीत मजुरीची बोलणी आजही 52 पिकाचं कापड धरून, मीटरमागे किती पैसे, या भाषेत होतात. मोजता येतं तिथे संशोधक जातो, यात गैर काही नाही. गेल्या शंभर वर्षांत मागाला कोणी काय विचारलं आणि त्याने काय उत्तर दिलं, हे मराठी वाचकाने जाणून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्या प्रश्नोत्तरांतली बरीचशी आपल्या अंगणातली आहेत.

त्याचं घराणं थोडक्यात सांगतो. जॉन के याने 1733 मध्ये धावता धोटा काढला, एडमंड कार्टराइटने 1785 मध्ये मागाला यंत्रशक्ती जोडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेत जेम्स नॉर्थ्रॉपचा माग आला. तो संपलेली कांडी आपली आपण बदलून घेई. जपानी शाखा मात्र जरा थांबून पाहण्यासारखी आहे. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. 1924 मध्ये त्याने तयार केलेला ‘टाइप जी’ माग पूर्ण वेगात चालू असताना धोटा बदलत असे आणि तार तुटली की स्वतःहून थांबत असे. वरवर पाहता ही छोटी सोय होती, पण तिने कारखान्यातलं नातं बदललं. साधा माग बिघडतो की काय, हे बघत माणसाला ताटकळत उभं राहावं लागे. आता बिघाड झाला की मागच हाक मारू लागला. या मागाच्या पेटंट हक्कासाठी लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सने 1929 मध्ये एक लाख पौंडांचा करार केला. चूक झाली की तिथेच थांबायचं, खराब माल पुढे जाऊ द्यायचा नाही, हे मागाचं तत्त्व पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात गेलं. ते तिथे रुजवणाऱ्यांपैकी ताइची ओनो यांची नोकरीची सुरुवात टोयोडांच्या कापड गिरणीतच झाली होती. आज जगभरच्या बिझनेस स्कूलमध्ये हे तत्त्व ‘जिदोका’ या नावाने शिकवलं जातं. कारखान्यातल्या साध्या कामगारालाही दोरी ओढून सगळी साखळी थांबवता येते, हा अधिकार मूळचा मागाचा आहे.

मुंबईत मागाला साचा म्हणत आणि त्याच्या शेडला साचेखातं. मुंबईचा साचेवाला साधारण दोन साचे चालवी, तर लँकेशायरमध्ये चारांची रीत होती. यंत्रं बहुतेक त्याच इंग्रज कारखान्यांतून आलेली. मग फरक कशामुळे? अर्थेतिहासकार ग्रेगरी क्लार्क यांनी 1987 मध्ये नेमका हाच प्रश्न घेऊन एक गाजलेला निबंध लिहिला. 1910 च्या सुमाराला न्यू इंग्लंडमधला एक गिरणी कामगार जेवढं काम उरकी, तेवढ्यासाठी हिंदुस्थानात, चीनमध्ये, जपानात किंवा ग्रीसमध्ये जवळजवळ सहा माणसं लागत, असं त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. यंत्र, हवामान, कच्चा माल, शिक्षण या एकेका कारणाने एवढी तफावत भरून निघत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर वाद झाले आणि अजून होतात. मला त्यातली एक गोष्ट खटकते. दोन साच्यांवर अडून राहणारा कामगार आळशी किंवा अडाणी होता, असा सूर या चर्चेत फार सहज शिरतो. तिसरा साचा घेतला तर शेजारचा बदली कामगार घरी बसेल, हे त्याला दिसत होतं. 1928 मध्ये मालकांनी तीन साच्यांची पद्धत आणायला सुरुवात केली, तेव्हा गिरणगाव सहा महिने संपावर गेलं. त्या संपाच्या मुळाशी आणखीही कारणं होती, पण एका माणसाने किती यंत्रं सांभाळावीत हा प्रश्न मधोमध उभा होता.

त्याच साचेखात्यात आणखी एक गोष्ट घडत होती आणि तिची दखल व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी फारशी घेतलेली नाही. कांडी बदलली की सुताचं टोक धोट्याच्या डोळ्यातून ओढायला तोंड लावावं लागे, तुटलेली तार जोडताना बोटाला थुंकी लागे. एवढ्या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात घेत नसत. कताईच्या खात्यांत, कमी मजुरीवर, त्यांनी राबायचं. साचेखात्यातली चांगली मजुरी त्यांच्यासाठी बंद. 1928 च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. कामगारांच्या एकजुटीचं बोलणाऱ्यांनी आधी आपल्या खात्याचं दार उघडावं, हे त्यांचं म्हणणं होतं. मागाला शिवाशीव कळत नाही, कोणाच्याही हाताने जोडलेली तार तो सारखीच विणतो. कोणाला मागाजवळ उभं राहू द्यायचं, हे माणसांनी ठरवलं होतं. एका कामगारामागे किती माग, हे मोजणाऱ्या प्रत्येक तक्त्यात त्या बंद दाराचाही एक रकाना असायला हवा होता.

आता अहमदाबाद. तिथल्या साराभाईंच्या कॅलिको मिलने 1952 च्या सुमाराला नवे स्वयंचलित माग बसवले. यंत्र उत्तम, सूत चांगलं, कामाची वाटणी इंजिनिअरांनी घड्याळ लावून केलेली. तरीही उत्पादन जुन्या साध्या मागांपेक्षा वाढलं नाही आणि कापडातले दोष तर जास्तच. तेव्हा गिरणीने मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधून ए. के. राइस यांना बोलावलं. 1953 मध्ये राइस त्या शेडमध्ये जाऊन उभे राहिले आणि त्यांनी आधी माणसं मोजली. माग 224, माणसं 29, आणि त्यांची कामं बारा प्रकारची. आठ विणकर. पाच जण कांड्यांचा साठा भरणारे. एकाच वेळी खूप तारा तुटल्या तर त्या सावरणारे तीन. नवं बीम चढवणारे दोन, कापड उचलून नेणारे दोन, दोन जॉबर आणि त्यांचे दोन मदतनीस. शिवाय तेलवाला, झाडूवाला, कांड्या आणून देणारा, दमटपणाची यंत्रणा सांभाळणारा आणि मागाचा एक नाजूक भाग जुळवणारा, असे एकेक.

कागदावर ही वाटणी चोख होती. अडचण अशी की प्रत्येकाची हद्द वेगळी. विणकराकडे चोवीस किंवा बत्तीस माग, साठा भरणाऱ्याकडे चाळीस ते पन्नास, जॉबरकडे 112, तेलवाल्याकडे सगळेच. त्यामुळे एका विणकराला कधी या साठेवाल्याची वाट बघावी लागे, कधी त्या. कोणाचं काम कोणामुळे अडलं, हे ठरवता येत नसे, आणि माग बंद पडला तर तो नक्की कोणाचा, हेही नाही. 29 माणसं एका छपराखाली होती, पण त्यांचा एकही गट नव्हता.

राइस यांनी सुचवलेला उपाय साधा होता. ठरावीक मागांचा एक संच एका छोट्या गटाकडे द्यायचा आणि त्या मागांचं सगळं काम गटाने आपसांत वाटून घ्यायचं. सुचवण्याचा अवकाश, पर्यवेक्षक आणि कामगारांनीच ती कल्पना उचलली आणि गटात कोण कोण असावं हेही त्यांनी आपसांत ठरवलं. सात जणांचा गट, त्याच्याकडे 64 माग. कामाच्या साठ दिवसांत मागांची कार्यक्षमता 80 टक्क्यांवरून 95 वर गेली आणि दोषाचं प्रमाण सरासरी 32 टक्क्यांवरून 20 वर उतरलं. मागाचा एक स्क्रूही बदललेला नव्हता. राइस यांनी 1958 मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि यंत्र व माणसांचा समूह ही एकच व्यवस्था मानून तिची आखणी करावी, या विचाराला कोळशाच्या खाणींतल्या अभ्यासापाठोपाठ कापडाच्या शेडचाही आधार मिळाला. त्याच शहरात ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत कमला चौधरी गिरणी कामगारांचा मानसशास्त्रीय अभ्यास करत होत्या. पुढे 1961 मध्ये अहमदाबादची व्यवस्थापन संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या अगदी पहिल्या अध्यापकांत त्या होत्या. भारतातल्या व्यवस्थापन शिक्षणाचा एक पाय असा साचेखात्यात रोवलेला आहे, हे आज ‘केस स्टडी’ वाचणाऱ्या किती विद्यार्थ्यांना सांगितलं जातं?

राइस यांच्याबरोबर काम केलेले एरिक मिलर 1970 मध्ये पुन्हा त्या गिरणीत गेले. सतरा वर्षांनी चित्र संमिश्र होतं. काही ठिकाणी गटाची पद्धत आणि कामाची गुणवत्ता दोन्ही टिकून होती, काही ठिकाणी माणसं पुन्हा एकेकटी झाली होती. माग तेच.

यानंतरचा प्रसंग मुंबईच्या जवळचा आहे. 1982 चा संप झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, गिरण्या विझत गेल्या आणि कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत विणलं जाऊ लागलं. मोठ्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग या गावांत आधीपासूनच येत होते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये बसवला होता. तारापूर-बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत जरा मोठे कापड कारखाने उभे राहिले, शंभरापासून हजारापर्यंत माणसांचे आणि बहुतेक सगळे एकेका कुटुंबाच्या मालकीचे. 2008 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम, तिथल्या बिझनेस स्कूलचे जॉन रॉबर्ट्स, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांचे सहकारी अप्रजित महाजन व बेन आयफर्ट यांनी प्रयोगासाठी तारापूर आणि उंबरगावचे कारखाने निवडले. औषधाची चाचणी घेतात तशी ही व्यवस्थापनाची चाचणी होती. सतरा कंपन्यांचे 28 कारखाने. काहींना पाच महिने सल्लागारांची फुकट मदत, काहींची फक्त महिनाभर पाहणी, आणि कोणाला काय मिळणार हे सोडतीने ठरवलेलं.

सल्लागारांना जे दिसलं ते मागाने आधीच कापडावर लिहून ठेवलं होतं. सुताचे ढीग चिठ्ठीशिवाय पडलेले, काही ओलाव्याने कुजलेले. अवजारं जमिनीवर. माग बंद पडल्यावरच त्याची देखभाल. दोषांची नोंद झालीच तर गिऱ्हाइकाची तक्रार आल्यावर. कारखान्यातलं सुमारे पाचवा हिस्सा मनुष्यबळ विणलेल्या कापडातले दोष हाताने दुरुस्त करण्यात गुंतलेलं. आणि मालकांचं म्हणणं असं की आमचा माल शेजाऱ्यापेक्षा चांगलाच आहे, नोंदी कशाला ठेवायच्या. सल्लागारांनी 38 साध्या गोष्टींची यादी केली. दोष रोज लिहायचे, कोणत्या मागावर आणि कोणत्या पाळीत झाले ते बघायचं, रोज सकाळी सगळ्यांनी एकत्र उभं राहून त्यावर बोलायचं, सुताला चिठ्ठी लावायची, मागाची तपासणी ठरल्या दिवशी करायची. यात नवं असं काही नव्हतं. सुरुवातीला यातल्या जेमतेम पाव गोष्टी चालत होत्या, मदत मिळालेल्या कारखान्यांत त्या वर्षाच्या आत तिनात दोनच्या आसपास गेल्या. पहिल्या वर्षात त्यांची उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. 2013 मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि व्यवस्थापनाने खरोखर फरक पडतो का, या जुन्या वादात तारापूरचं नाव कायमचं लागलं.

त्या निबंधातला एक निष्कर्ष मला उत्पादकतेच्या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो. कंपनी किती मोठी होईल, हे तिच्या व्यवस्थापनाच्या दर्जापेक्षा घरातल्या कर्त्या पुरुषांच्या संख्येवरून जास्त चांगलं सांगता येत होतं. भाऊ दोन तर कारखाने दोन. बाहेरच्या व्यवस्थापकाला सूत खरेदीची किंवा पैशाची जबाबदारी द्यायला मालक तयार नसत, कारण चोरी झाली तर कोर्टात न्याय मिळायला वर्षं जातील ही भीती. त्या भीतीला आधार आहे, मी ती मोडीत काढत नाही. पण याचा अर्थ असाही होतो की चांगला चालणारा कारखाना वाढायचा थांबतो, कारण घरात मुलगे संपले. मुलींची तर मोजणीच झालेली नाही. लँकेशायरच्या शेड बायकांनी भरलेल्या होत्या, आणि आपल्याकडे मागाच्या मालकीच्या खोलीत मुलीला खुर्ची नाही.

आठ-नऊ वर्षांनी संशोधक पुन्हा त्याच कारखान्यांत गेले. सुरू केलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या बंद पडल्या होत्या. व्यवस्थापक बदलला, मालकाला वेळ उरला नाही, अशी त्याची मुख्य कारणं. तरीही मदत न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा मदत मिळालेले कारखाने पुढेच होते आणि काही पद्धती त्याच मालकांच्या दुसऱ्या कारखान्यांतही पोहोचल्या होत्या.

1970 चं अहमदाबाद आणि नऊ वर्षांनंतरचं तारापूर मी शेजारी ठेवून वाचतो. सल्लागाराने शिकवलेली वही, सकाळची बैठक, मागावरची चिठ्ठी या गोष्टी एखाद्या माणसावर टेकून उभ्या राहिल्या तर तो माणूस गेला की पडतात. त्या मागाजवळच्या गटाने आपल्या मानल्या तर त्यांना आयुष्य मिळतं. तारापूरच्या निबंधात दोष, साठा आणि उत्पादन यांचं बारकाईने मोजमाप आहे. विणकराचे कान, त्याच्या छातीत गेलेली कापसाची धूळ, कोणता माग कोणी घ्यावा हे ठरवण्यात त्याचा वाटा, यांचं मोजमाप त्यात नाही. ते काम उरलं आहे आणि ते करण्यासाठी कॅलिफोर्नियाहून कोणी यायची वाट बघायला नको.

महाराष्ट्रात शेकडो व्यवस्थापन महाविद्यालयं आहेत. त्यांतल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: तुमचा पुढचा प्रकल्प इचलकरंजीत, भिवंडीत, मालेगावात किंवा सोलापुरात करा. प्रश्नावली नंतर भरा, आधी एक रात्रपाळी शेडमध्ये काढा. तागा हातात घ्या, दोष मोजा, आणि तो का आला हे जॉबरला, कांडीवाल्याला, ताण्याचे धागे फणीतून ओवून वहिफणी करणाऱ्याला आणि दिवाणजीला वेगवेगळं विचारा. चौघांची उत्तरं मराठीत लिहा, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा.